आमचे निबंध वाचतं कोण? : राज्यातील कुलगुरूंना खुलं पत्र

प्रति,
मा. कुलगुरू,
महाराष्ट्रातील सर्व अकृषी विद्यापीठे

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये संशोधन नियतकालिकांची ‘यूजीसी केअर’ यादी बंद केली. कोणतं नियतकालिक चांगलं आणि कोणतं नाही हे यापुढे विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी आपापलं ठरवावं, आयोग फक्त निकष सुचवेल, असं त्या वेळी सांगण्यात आलं. प्राध्यापकाच्या बढतीच्या फाइलमधला कोणता निबंध ग्राह्य धरायचा हे ठरवण्याचा अधिकार त्यामुळे पुन्हा आपल्याकडे आला आहे. तो याआधी एकदा आपल्या विद्यापीठांकडे होता. त्या वेळी काय झालं ते आठवतं, म्हणून हे पत्र लिहिते आहे. मी एका अनुदानित महाविद्यालयात इतिहास शिकवते. कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढती योजनेच्या, फायली मी भरल्या आहेत, सहकाऱ्यांच्या भरायला मदत केली आहे, आणि आयक्यूएसीचं, म्हणजे महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं, कामही केलं आहे. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते आतून पाहिलेलं आहे.

जानेवारी २०१७ मध्ये आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची मोठी यादी जाहीर केली. तिच्यात हजारो नावं विद्यापीठांच्या शिफारशीने आली. पुढच्या वर्षी डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही यादी तपासून ‘करंट सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात निबंध लिहिला. विद्यापीठांच्या शिफारशीने आत आलेल्या आणि दुसऱ्या कोणत्याही मान्य सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. मे २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ नियतकालिकं एका दमात यादीतून वगळली. त्यावर उपाय म्हणून केअर यादी आली आणि तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कक्षातून चाललं. हे काम करणाऱ्यांनी मेहनत घेतली, हे मान्य केलंच पाहिजे. पण यादीत आलेल्या जुन्या, सचोटीच्या छापील नियतकालिकांच्या नावाने भामट्यांनी खोट्या वेबसाइट उघडल्या आणि पैसे घेऊन निबंध छापायला सुरुवात केली. कित्येक मूळ संपादकांना हे बाहेरून कळलं.

याद्या आल्या आणि गेल्या, बाजार मात्र हलला नाही. याचं कारण यादीच्या गुणदोषांत शोधून सापडणार नाही. बढतीच्या संपूर्ण प्रक्रियेत, प्राचार्यांच्या सहीपासून विद्यापीठाच्या शिक्क्यापर्यंत, उमेदवाराने लिहिलेला निबंध वाचणं हे कुणाचंच काम नाही. तो मोजला जातो. आणि जी गोष्ट नुसती मोजली जाते ती पुरवणारा व्यापारी उभा राहतोच.

मोजणी कशी चालते ते नीट पाहू, कारण सगळा प्रश्न तिथेच आहे. आयोगाच्या २०१८च्या विनियमांत संशोधनाच्या गुणांचा तक्ता आहे. भाषा, सामाजिक शास्त्रं आणि मानव्यविद्यांमधल्या एका शोधनिबंधाला १० गुण, विज्ञानात ८. महाविद्यालयात कॅसखाली प्रोफेसर व्हायचं तर किमान १० निबंध आणि ११० गुण लागतात. निबंध दोघांनी मिळून लिहिला तर प्रत्येकाला ७० टक्के गुण मिळतात. दोनापेक्षा जास्त लेखक असतील तर मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकी प्रत्येकाला ३० टक्के. आता दोन मित्र घ्या. दोघांनी आपापले पाच-पाच निबंध स्वतंत्र लिहिले तर प्रत्येकाचे ५० गुण होतात. त्याच दहा निबंधांवर दोघांचीही नावं घातली तर प्रत्येकाचे ७० होतात. एक ओळ जास्तीची लिहिलेली नाही, एक कागद जास्तीचा पाहिलेला नाही, आणि गुण ४० टक्क्यांनी वाढले. हे करणाऱ्या प्रत्येकाला मी लबाड म्हणणार नाही. खरोखर मिळून काम करणारे पुष्कळ आहेत. पण एकट्याने काम करणाऱ्याला हा तक्ता तोट्यात ढकलतो, आणि इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान या विषयांतलं बहुतेक चांगलं काम एकट्यानेच होत आलं आहे.

याच तक्त्यात अख्ख्या पुस्तकाच्या अनुवादाला ८ गुण आहेत. चार पानांच्या निबंधाला १० आणि साडेतीनशे पानांच्या ग्रंथाच्या अनुवादाला ८. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपल्या विद्यापीठांत समारंभ झाले. पण जगातलं ज्ञान मराठीत आणायला दोन वर्षं घालवणाऱ्या प्राध्यापकाची गणना हा तक्ता एका निबंधापेक्षाही खाली करतो. वृत्तपत्राच्या पुरवणीत किंवा दिवाळी अंकात, सामान्य वाचकाला कळेल असं आपल्या विषयावर लिहिलं तर त्याला या तक्त्यात जागाच नाही.

आणि पेटंट. आंतरराष्ट्रीय पेटंटला १० गुण, राष्ट्रीय पेटंटला ७. हे कागदावर रास्त वाटतं. प्रत्यक्षात काय होतं ते आमच्या फोनवर दिसतं. प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप गटांवर असे संदेश सतत फिरत असतात: यूके डिझाइन पेटंट, पंधरा दिवसांत सर्टिफिकेट, पहिली आणि तिसरी पोझिशन बुक झाली आहे, दुसरी, चौथी, पाचवी शिल्लक, कॅस, नॅक, एनआयआरएफ सगळीकडे चालतं, इच्छुकांनी नाव, पद आणि कॉलेजचा पत्ता पाठवावा. पोझिशन म्हणजे नोंदणीवरच्या नावांतला क्रमांक, आणि रक्कम त्याप्रमाणे. नॅक म्हणजे महाविद्यालयांना श्रेणी देणारी परिषद, आणि एनआयआरएफ म्हणजे केंद्राची शिक्षणसंस्थांची क्रमवारी. विकत घेणारा मराठीचा आहे की वनस्पतिशास्त्राचा, हे कुणी विचारत नाही. ज्याला हे लोक पेटंट म्हणतात ती मुळात डिझाइन नोंदणी असते. तिचा संबंध वस्तूच्या आकाराशी आणि दिसण्याशी असतो, शोधाशी नसतो. ब्रिटनमधलं कार्यालय अशी नोंदणी करताना ते डिझाइन नवीन आहे की नाही हे तपासतच नाही, म्हणून तर पंधरा दिवसांत कागद हातात पडतो. मग तो कागद फ्रेम करून स्टाफरूममध्ये लागतो, दुसऱ्या दिवशी स्थानिक दैनिकात ‘प्राध्यापकाला आंतरराष्ट्रीय पेटंट’ अशी बातमी येते, आणि तिसऱ्या दिवशी त्या बातमीचं कात्रण नॅकच्या क्रायटेरिया तीनच्या, म्हणजे संशोधनाच्या निकषाच्या, फाइलला जोडलं जातं.

हा धंदा किरकोळ नाही. शेन आणि ब्यॉर्क या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २०१४ या एका वर्षात पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या भुरट्या नियतकालिकांत जगभर सुमारे ४ लाख २० हजार निबंध छापून आल्याचा अंदाज दिला होता. त्यांच्या पाहणीतल्या लेखकांपैकी सुमारे एक तृतीयांश भारतातले होते. हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशन समूहाला अमेरिकेतल्या न्यायालयाने २०१९ मध्ये ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला, कारण तज्ज्ञांकडून निबंधांचं परीक्षण होतं असं सांगून लेखकांची फसवणूक केली जात होती. तिकडे नामांकित प्रकाशकही पैसे घेण्यात मागे नाहीत. ‘नेचर’ने सर्वांना खुला निबंध छापण्यासाठी २०२१ पासून लेखकाकडून ९,५०० युरो आकारायला सुरुवात केली. तिथे निदान परीक्षण कडक असतं, हा फरक मोठा आहे.

पैशाला शिवायचंच नाही असं माझं म्हणणं नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेल विद्यापीठाची पीएचडी घेऊन परत आले आणि ज्ञानकोशासाठी त्यांनी नागपूरला लिमिटेड कंपनी काढली. भाग विकले, जाहिराती केल्या, गावोगाव वर्गणीदार मिळवले, आणि १९२०च्या दशकात ज्ञानकोशाचे खंड एकामागून एक काढत २३ पर्यंत नेले. एका विद्वानाने आपला ग्रंथ घेऊन लोकांच्या दारात उभं राहण्यात कमीपणा काहीच नव्हता. उलट त्या व्यापाराने विद्येची सेवाच केली, कारण तिथे पैसे देणारा माणूस वाचक होता. त्याला खंड उघडून पाहायचा होता, आपल्या मुलाला दाखवायचा होता, त्यातली चूक सापडली तर खरमरीत पत्र लिहायचं होतं. ग्रंथ वाईट निघाला तर कंपनी बुडणार होती.

आज पैसे देतो तो लेखक. त्याला हवे असतात गुण, आणि ते प्रमाणपत्रासोबत मिळतात. निबंध कुणी वाचला नाही म्हणून प्रकाशकाचं नुकसान होत नाही आणि लेखकाचंही होत नाही. उलट कुणी वाचला तर दोघांनाही अडचण. म्हणून या बाजारात माल सुधारण्याचं कुठलंच कारण नाही. चांगल्या प्राध्यापकांनाही यात ओढलं जातं. बढती अडली की पगार अडतो, घराचा हप्ता अडतो, आणि खालचा माणूस वरच्या श्रेणीत निघून जातो. त्यांच्यावर नीतीचे पाठ घेऊन काही होणार नाही.

प्रसिद्धीचंही असंच आहे. विद्वानाने लोकांपुढे जावं, ही महाराष्ट्राची जुनी रीत आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ मध्ये. गावोगावच्या व्याख्यानमालांत प्राध्यापक बोलायला जायचे. श्रोते तिकीट काढून नव्हे, पण वेळ काढून यायचे आणि व्याख्यान कंटाळवाणं झालं तर उठूनही जायचे. तिथे लोकांचं लक्ष मिळवावं लागत असे आणि ते विषयाकडे असे. आता लक्ष कुणाचं वेधायचं हेच बदललं आहे.

एखाद्या महाविद्यालयातला एक कार्यक्रम जवळून पाहा. विषय कोणताही धरा, संविधान दिन किंवा बौद्धिक संपदा. आधी बॅनरचा मसुदा होतो, त्यात संस्थेच्या पदाधिकाऱ्यांची नावं कोणत्या क्रमाने यावीत यावर सर्वांत जास्त वेळ जातो. मग जिओ-टॅग फोटोचं ॲप कुणाच्या फोनवर आहे याची चौकशी. नॅकला छायाचित्रावर अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ लागते, म्हणून फोटो त्याच ॲपमधून निघाला पाहिजे. दीपप्रज्वलनाचा फोटो, शाल-श्रीफळाचा फोटो, मागून हॉल भरलेला दिसेल असा फोटो. तो नीट यावा म्हणून दुसऱ्या वर्गाचा तास सोडून मुलांना आणून बसवतात. पाहुण्यांचं भाषण सुरू होतं तोवर फोटो काढणाऱ्याचं काम संपलेलं असतं. मग हजेरीपत्रक, अभिप्रायाचे फॉर्म, दोन पानी अहवाल आणि वृत्तपत्राला पाठवायची बातमी. पाहुणे काय बोलले याची नोंद अहवालात ‘मोलाचे मार्गदर्शन केले’ एवढीच असते. ज्या मुलांचा तास बुडाला त्यांना तो परत मिळत नाही. आणि ज्या तरुण प्राध्यापिकेने हे सगळं धावपळ करून उभं केलं, तिचा त्या आठवड्यातला वाचनाचा वेळ गेलेला असतो.

पुराव्याची अपेक्षा चुकीची नाही. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेने केलेलं काम दाखवलंच पाहिजे. पण दाखवणं हेच काम होऊन बसलं तर मूल्यांकनाचं प्रमाणपत्र विकत घेण्याचा मोह फार दूर राहत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने नॅकच्या एका तपासणी समितीच्या अध्यक्षांना आणि सदस्यांना लाचेच्या आरोपावरून अटक केली. दोषी कोण ते न्यायालय ठरवेल. अशी वेळ यावी इतकी किंमत त्या श्रेणीला आली आहे, एवढं तरी आपण मानायला हवं.

दरवर्षी एक बातमी आपल्या जिल्ह्यांच्या दैनिकांत ठरलेली असते: जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांमध्ये आपल्या अमुक प्राध्यापकांची निवड. त्यावर अभिनंदनाचे फलक लागतात, काही ठिकाणी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पहिल्याच पानावर ती झळकते. स्टॅनफर्डमधले जॉन आयोनिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कोपस या सूचीतले संदर्भ मोजून, एका सूत्राने लावलेली ही क्रमवारी आहे. स्वतःच स्वतःचे संदर्भ देण्याचा प्रकार लक्षात यावा म्हणून त्यांनी असे संदर्भ धरून आणि वगळून असे दोन्ही आकडे दिले आहेत. निवड करायला कुणी बसत नाही, आणि स्टॅनफर्ड विद्यापीठ कुणाचा सन्मानही करत नाही. संशोधनाच्या अभ्यासकांना हे कोष्टक उपयोगी आहे. त्याचं पदक करणं ही आपली भर आहे. त्यातल्या काही प्राध्यापकांचं काम खरोखर मोठं आहे, आणि त्यांच्यावर यात अन्याय होतो, कारण त्यांनी काय शोधलं हे त्या बातमीत कधीच नसतं. मराठीत, संस्कृतात, इतिहासात काम करणाऱ्याचं नाव तर तिथे येण्याची शक्यताच जवळपास नाही, कारण ती सूची त्यांची नियतकालिकं फारशी घेतच नाही. विद्यापीठ मात्र ‘आमचे नामवंत संशोधक’ म्हणून त्याच यादीकडे बोट दाखवतं.

जून महिना आला की विनाअनुदानित तुकड्यांमधल्या शिक्षकांना प्रवेश आणायला पाठवतात, हे आपल्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही. एसटी स्टँडवर टेबल टाकून पत्रकं वाटायची, बारावीच्या याद्या मिळवून पालकांना फोन करायचे, रील काढायच्या. यात सर्वांत पुढे असतात तासिका तत्त्वावरचे सहकारी. त्यांना पुढच्या वर्षी नेमणूक हवी असते, म्हणून नाही म्हणता येत नाही. नेट-सेट झालेली, पीएचडी झालेली ही मंडळी आहेत.

या सगळ्याची झळ शेवटी कुणाला लागते ते एका उदाहरणाने सांगते. माझ्या ओळखीची एक संशोधक विद्यार्थिनी मोडी शिकली. लिपी येणं वेगळं आणि अठराव्या शतकातल्या कारकुनाची घसरलेली अक्षरं लागणं वेगळं. त्याला तिला वर्ष-दीड वर्ष लागलं. मग पुण्याच्या पुराभिलेखागारात बसून ती एका परगण्याच्या हिशेबाचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, वाचत राहिली. दुष्काळाच्या सालात वसुलीची सूट कुणाला मिळाली आणि कुणाला नाही, यावर तिने मराठीत एक निबंध लिहिला. तो ज्या त्रैमासिकाकडे पाठवला त्याच्या संपादकांनी तीन पानी टिपण पाठवून तारखांचे मेळ पुन्हा घालायला लावले. तिने घातले, आणि त्यात तिचं एक अनुमान बदललं. हे खरं परीक्षण, आणि ते फुकट झालं. एवढ्या काळानंतर तिच्या नावावर एक निबंध आहे. तिच्याबरोबर नोंदणी केलेल्यांकडे तेवढ्याच काळात परिषदांच्या कार्यवृत्तांतले आणि संपादित पुस्तकांतले डझनभर लेख आहेत. मुलाखतीला पात्र उमेदवारांची यादी करताना तिचं नाव खाली जाणार, हे तिलाही माहीत आहे. मागे तिने मला विचारलं, की पुढचं प्रकरण असंच करू की दोन-तीन निबंध ‘उरकून’ घेऊ? तिला काय सांगावं, हे मी आपल्यालाच विचारते.

आता आपल्याकडून येणारं उत्तर मला ठाऊक आहे: नियम आयोगाचे आहेत, विद्यापीठ काय करणार. किमान निबंध आणि किमान गुण आयोगाने ठरवले आहेत, हे खरं. पण निवड समितीवरचे विषयतज्ज्ञ आपण नेमता. त्यांनी येऊन काय करायचं हे आपण ठरवू शकता. आज ते येतात तेव्हा एका दिवसात कित्येक फायली उरकायच्या असतात. मूळ प्रत आहे का, आयएसएसएन क्रमांक आहे का, प्रमाणपत्र जोडलं आहे का, एवढं पाहून गुण भरले जातात. आयएसएसएन हा नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक आहे. तो कुणालाही विनामूल्य मिळतो आणि त्याचा दर्जाशी काडीचाही संबंध नाही. तरी तज्ज्ञ म्हणून बोलावलेला ज्येष्ठ प्राध्यापक त्या दिवशी आठ आकडी क्रमांक तपासत बसतो. त्याच्या चाळीस वर्षांच्या विद्येचा याहून वाईट वापर करता येणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मला मनापासून पटतो. गुणांची पद्धत आली ती वशिलेबाजीला आळा घालायला. समितीच्या मर्जीवर सोडलं की आपल्या माणसाचं काम ‘उत्तम’ ठरतं आणि परक्याचं ‘सामान्य’. महाराष्ट्रात नेमणुकांच्या वेळी काय चालतं हे उघड गुपित आहे. ज्यांचा कुणी गॉडफादर नाही, विशेषतः पहिल्या पिढीत शिकून प्राध्यापक झालेली मुलं, त्यांना आकड्यांचा आधार वाटतो. तो आधार काढून घ्या असं मी म्हणत नाही. पण आकडे विकत मिळू लागले की तो आधारही पैसेवाल्याकडे जातो. वशिल्यावर खरा उपाय उघडेपणा आहे. समितीला मत देऊ द्या, आणि ते मत सहीनिशी चारचौघांत मांडायला लावा.

माझी मुख्य मागणी तीच आहे. प्रत्येक उमेदवाराला आपली सर्वांत चांगली तीन कामं निवडू द्या. ती कोणत्याही भाषेत असोत, निबंध, पुस्तक, अनुवाद, संपादित साधनग्रंथ, काहीही असो. ती तज्ज्ञांकडे महिनाभर आधी पाठवा. वाचनाचं मानधन द्या, नुसता प्रवासभत्ता नको. प्रत्येक कामावर तज्ज्ञाने अर्ध्या पानाचं मत लिहावं: यात नवीन काय आहे, पुरावा कसा वापरला आहे, कुठे कमी पडलं आहे. हे मत उमेदवाराला द्या आणि तज्ज्ञाच्या नावासह विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवा. ज्याला आपल्या शिष्याच्या टाकाऊ निबंधाला उत्तम म्हणायचं असेल त्याने ते सगळ्या महाराष्ट्रासमोर म्हणावं. जगात हा विचार नवा नाही. संशोधनाची पारख नियतकालिकाच्या आकड्यांवरून न करता कामावरून करावी, असं सांगणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१३ पासून सर्वांसमोर आहे.

याच्या जोडीला प्रत्येक निबंधासोबत एक साधं घोषणापत्र घ्या: छापण्यासाठी पैसे दिले का, किती, कुणाला. पैसे देणं हा गुन्हा नाही. लहान त्रैमासिकं वर्गणीवर चालतात आणि चालावीत. पण रक्कम फाइलमध्ये दिसली की पुष्कळ गोष्टी आपोआप उजेडात येतील. डिझाइन नोंदणीला पेटंट म्हणून गुण देणं तर उद्यापासून थांबवता येईल, त्याला फक्त एक परिपत्रक पुरे. आपल्या विद्यापीठाच्या जाहिरातींतून ‘दोन टक्के’ काढून टाका. त्याऐवजी वर्षभरात आपल्याकडे झालेल्या पाच चांगल्या कामांची ओळख साध्या मराठीत करून द्या, म्हणजे बातमीदारांनाही लिहायला काही मिळेल.

ग्रंथालयांबद्दलही बोलायला हवं. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेसाठी केंद्राने तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपये मंजूर केले आणि सुमारे १३,००० आंतरराष्ट्रीय नियतकालिकं जानेवारी २०२५ पासून देशभरातल्या सरकारी संस्थांना खुली होऊ लागली. तालुक्याच्या गावात बसून मला ती वाचता येणार असतील तर मला त्याचा आनंद आहे. पण १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिक, वाईच्या प्राज्ञपाठशाळा मंडळाचं ‘नवभारत’, मराठी अभ्यास परिषदेचं ‘भाषा आणि जीवन’ यांची वर्गणी आपल्या किती संलग्न महाविद्यालयांत भरली जाते, ते एकदा मागवून पाहा. त्या सगळ्यांची मिळून वर्षाची वर्गणी एका फ्लेक्सच्या खर्चापलीकडे फारशी जाणार नाही.

जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या विनियमांचा मसुदा काढला. त्यात गुणांच्या तक्त्याऐवजी नऊ प्रकारचं उल्लेखनीय योगदान सुचवलं होतं. भारतीय भाषांतलं अध्यापन त्यात आहे, समाजाशी संपर्क आहे, हे चांगलं आहे. त्यातच बाहेरून आणलेला निधी, स्टार्टअप, डिजिटल आशयनिर्मिती हेही आहे, आणि कुलगुरुपद उद्योगक्षेत्रातल्या व्यक्तींनाही खुलं करण्याचा प्रस्ताव आहे. उद्योगातून आलेला माणूस चांगला कुलगुरू होणार नाही असं मी म्हणणार नाही. मात्र नऊ रकान्यांतही वाचणारं कुणी नसेल, तर आजचे दलाल वर्षभरात स्टार्टअपच्या भागीदारीतली दुसरी पोझिशन विकू लागतील.

सगळं एकदम करा असा आग्रह नाही. पुढच्या कॅस शिबिरात एका विषयापुरतं करून पाहा. इतिहासापासून सुरुवात केलीत तर माझ्या फाइलमधली तीन कामं मी पहिल्यांदा देते. त्यातली दोन मराठीत आहेत. तज्ज्ञांचं मत प्रतिकूल आलं तरी ते माझ्या नावासह संकेतस्थळावर ठेवायला माझी हरकत नाही.

कळावे,
आपली विश्वासू,
इतिहासाची एक प्राध्यापिका